चक्रातला हार

खंडेनवमीला लोंढ्याच्या लाकूडवखारीत, गोऱ्या साहेबाकडून घेतलेल्या हातक्रेनच्या चक्राला जयवंता या पोरीनं झेंडूचा हार बांधला होता. पूजेचा हार आपसूक गळेपर्यंत काढायचा नाही, ही तिथली रीत. आज ती भाकरी घेऊन आली. सागाचा ओंडका टांगलेला, खाली तिचे आप्पा मालगाडीची वाघीण झाडत होते. हँडल परशरामकाकांच्या हातात. चक्राच्या दात्यांत खुटी बसली की चक्र उलटं फिरत नसे; मग ते तंबाखूसाठी हात सोडायचे. आज खुटीखाली हार अडकला होता. जयवंताला ते दिसलं. ओरडावं, तर आप्पा थांबून वर बघणार. ती काकांच्या कानाशी कुजबुजली, “हात सोडू नगा, खुटी बसली न्हाय.” मग रोजच्या आवाजात म्हणाली, “आप्पा, या की, भाकरी गार हुतीया.” आप्पा आले. ओंडका खाली टेकला. काकांनी विचारलं, “सोडू आता?” आप्पा चेंगरलेल्या झेंडूकडं बघत म्हणाले, “तिला इचार.”