नवा ड्रेस

"कर सही, पोरी. एसटी चुकंल," तिचा बाप म्हणाला.

ती माझ्या टेबलासमोर उभी होती. वय चौदा, महिन्यापूर्वी कुंटणखान्यातून सोडवलेली. सुटका झालेल्या मुलीला शक्यतो घरी पाठवा, असं कायदा सांगतो. म्हणून बालकल्याण समितीतर्फे मी सगळे कागद तपासले. रेशनकार्ड खरं, पोलीसपाटलाचा दाखला खरा, बापही खरा. गावाचा विषय निघाला की पोरगी गप्प बसायची. 'लाजाळू' असं मीच फाइलीत लिहिलं होतं.

बापाने पिशवीतून पिवळा ड्रेस काढला, तिच्या खांद्यांना लावून पाहिला. कोरा करकरीत. मला भरून आलं. इतक्या हौसेने लेकीला न्यायला आमच्याकडे कोण येतं?

"आवडला का गं?" मी विचारलं.

"मागच्या बारीला लाल होता," ती म्हणाली. "जत्रंला जायचं म्हणून आणलेला. जत्रंतनंच त्या बाईच्या गाडीत बसवलं मला आबांनी."

बाप खिडकीबाहेर बघू लागला. तिने कागदावर सही केली आणि ड्रेस उचलला.

"ह्या बारीला कुठली जत्रा, आबा?"