हॉलमधला वळसा

इंटिरियर डिझायनर रेणूनं टॅबलेट कुंदाकाकूंसमोर धरला. जुनं सामान हलवून काकूंना आठवडाभर रिकाम्या घरात वावरू दिलं होतं. त्यांची पावलं टिपून, ती पडत नाहीत तिथं सामान मांडत फरशीनंच नवा आराखडा काढला होता. हल्ली सगळ्यांची घरं अशीच सजायची.

"बाकी झकास झालंय, काकू. फक्त हॉलच्या मधोमध हा लांबलचक दिवाण टाकलाय. फरशी बिघडली वाटतं."

"बिघडली नाही गं. तिथं ह्यांची आरामखुर्ची असायची. हे गेल्यावर देऊन टाकली मी."

"पण खुर्ची एवढी लांब?"

"खुर्ची एवढीशीच होती. हे पाय पसरून पेपर वाचायचे आणि तसेच झोपून जायचे. माणसाचे पाय ओलांडायचे कसे? मग मी आपली वळसा घालून जायची."

रेणूनं बोटानं आराखड्यातला दिवाण पुसला.

"इथे काय ठेवू मग?"

"काही नको. मोकळंच राहू दे. थांब, चहा टाकते."

काकू स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि टॅबलेटवर दिवाण पुन्हा उमटला.