कडुनिंबाचा वाडगा

शेजारच्या लीलाबाईंच्या परसातला कडुनिंब आतून पोखरलाय, असं नगरपरिषदेच्या माणसांना घनश्यामनेच सांगितलं होतं. शहरात पाडलेल्या झाडांच्या लाकडाची तो लोहारा भागातल्या शेडमध्ये शोभेची भांडी करायचा, म्हणून त्याचा शब्द मानला गेला. खोड कापलं, तर आत टणक, लालसर, निरोगी लाकूड निघालं. घनश्यामची मान वर झाली नाही.

त्या लाकडाचा पहिला वाडगा त्याने घरीच ठेवला. रोज सकाळी भिंतीपलीकडे खुंटावर तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज यायचा आणि इकडे कोरडा वाडगा काठोकाठ भरायचा.

शेवटी लाज सोसवेना, तेव्हा एका सकाळी रिकामा वाडगा घेऊन तो लीलाबाईंच्या दारात उभा राहिला.

"मावशी, त्या खुंटाले आता कायले पाणी घालता?"

"मी कुठं घालते? तूच तं घालून राह्यला रोज. खिडकीतून दिसते ना मले. म्हटलं, खोटं बोलला, पण मन खाते याचं, म्हणून गप्प राह्यली मी."

तेवढ्यात परसात पाण्याची धार पडू लागली.

लीलाबाईंनी मागच्या खिडकीतून पाहिलं, मग वळून दारातल्या घनश्यामकडे पाहिलं.

त्याच्या हातातला वाडगा जड होत चालला होता.