पौषातली अस्वलीण

ऐन पौषात द्रासच्या बर्फावर तपकिरी अस्वलीण उभी होती आणि काचेच्या सज्जातले पर्यटक तिला हात हलवून दाखवत होते. ती वळून गुहेकडे चालू लागली.

“मॅडम, निघाली ती! दाबा कळ,” व्यवस्थापक नाडकर्णी म्हणाला.

डॉ. ऋजुता खानोलकरचा हात जागचा हलला नाही. हिमकडा कोसळण्याआधी अस्वलांना शीतनिद्रेतून उठवता यावे, म्हणून तिनेच अस्वलिणीच्या गळ्यातला, कळ दाबताच विजेचा झटका देणारा तो पट्टा घडवला होता. आता त्याच्याच झटक्याने अस्वलिणीला रोज दुपारी पर्यटकांसाठी बाहेर काढत होते.

“तिचे दिवस भरलेत, नाडकर्णी. अस्वलं गुहेत, झोपेतच वितात. अजून एक झटका दिला तर पिल्लं हाती लागणार नाहीत.”

“आणि या मंडळींना काय सांगू?”

“दिवस भरलेल्या बाईला खोलीतून ओढून आणलंय, असं सांगा!” तिचा आवाज सज्जाभर घुमला. हलणारे हात थांबले.

शालीत गुरफटलेल्या साताऱ्याच्या एक आजी नाडकर्णीकडे वळल्या. “मेल्या, तुझ्या आईला उठवलं होतं का रे कुणी असं?”

नाडकर्णीने स्वतःच कळीकडे हात नेला. ऋजुताने कळीचे यंत्रच उचलून फरशीवर आपटले.

“नोकरी गेली तुमची!”

तिने ऐकलेच नाही. बाहेर अस्वलीण गुहेच्या तोंडाशी मान आखडून थांबली होती. इथवर आल्यावर रोज बसणाऱ्या झटक्याची ती वाट पाहत होती.

“जा ना गं!” ऋजुता दोन्ही मुठींनी काच बडवत ओरडली. अस्वलीण हलेना.