एकही झुडूप उरलं नाही

विळ्याने कापणी व्हायची तेव्हा औषधी पाल्याच्या शेतात धोतऱ्याची विषारी झुडपं तेवढी मागे उभी राहायची. बायका त्यांना हातही लावत नसत. यंदा पहिल्यांदाच कापणीयंत्र फिरलं आणि शेत न्हाव्याने वस्तरा फिरवल्यासारखं गुळगुळीत झालं. "एक काडी सोडली नाही पठ्ठ्याने!" मालक भेटेल त्याला कौतुकाने सांगत होता.

वाळवून चुरलेल्या पाल्याची पोती भरून ट्रक आज औषध कारखान्याकडे निघाला. वडिलांच्या खोकल्यासाठी मूठभर पाला तेवढा मालकाने सकाळीच घरात ठेवून घेतला होता. ट्रक दिसेनासा होईपर्यंत तो फाटकात हात हलवत उभा राहिला.

मागून बायकोची हाक आली. "अहो, आत या बरं. काढा प्यायल्यापासून मामंजी रिकाम्या खुर्चीशी भांडतायत."