अकरा डाग

रतनसिंगच्या शर्टावर अकरा डाग होते. छातीवर सात, डाव्या बाहीवर तीन, कॉलरखाली एक. सगळे लाल. प्रियदर्शनीने ते दोनदा मोजले, कारण शर्ट सोडून दुसरीकडे बघणं तिला जमत नव्हतं.

रतनसिंग उघड्या अंगाने बाभळीला बांधलेला होता. त्याचे पुढचे दोन दात पायाशी मातीत पडले होते. वैजनाथ पट्टा हाताला गुंडाळून पुन्हा पुन्हा मारत होता. मागे चाळीसेक माणसं उभी होती.

"बोल, माझ्या बापाला काहून मारलं?"

वैजनाथचे वडील व्यंकटराव गुरुवारी शिरड शहापूरच्या शिवारात, हळद शिजवायच्या जागी मरून पडलेले सापडले. फावड्याच्या घावांनी चेहरा ओळखू येत नव्हता. रतनसिंग त्यांच्याकडे हळद पॉलिश करायला होता. आज सकाळी तांड्यावर, त्याच्या दारातल्या दोरीवर हा शर्ट दिसला. तेवढं पुरे झालं.

प्रियदर्शनी हळदीवर संशोधन करायची. या उन्हाळ्यात तिचा पाय घरात ठरला नव्हता. मार्चात निजामाबाद, मग सांगली, कालपर्यंत इरोड. नवरा विजयकुमार कुरकुर करत नसे. शनिवार उजाडला की तो तिला गाडीत घालून कुठेतरी न्यायचा. चिखलदरा झालं, सहस्रकुंड झालं, आज लोणार होतं. निघता निघता, खुनी सापडला म्हणून वैजनाथचा फोन आला.

व्यंकटराव विजयकुमारचे सख्खे चुलते. बांधावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. तरी गाडीतून उतरल्या उतरल्या विजयकुमारने कुणाच्या तरी हातातली काठी घेतली. पहिल्याच फटक्यात रतनसिंगचं मनगट मोडलं. तो आवाज तिला ऐकू आला.

"अहो, थांबा!"

"तू गाडीत बस, प्रिया."

रतनसिंगची बायको रूपाबाई सरपटत तिच्या पायाशी आली. "बाई, हळदीचे डाग हायेत वो. मीच साबण चोळला. साबणानं लाल झाले."

हे प्रियदर्शनीला कुणी सांगायची गरज नव्हती. हळदीला साबण लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी. रक्ताचं तसं होत नाही. सरबतासाठी घेतलेली लिंबं गाडीतच होती.

ती वैजनाथच्या पट्ट्यासमोर उभी राहिली. "पाच मिनिटं द्या. मी डागांवर लिंबू पिळते. हळद असेल तर पिवळे होतील. रक्त असेल तर लालच राहतील."

"मॅडम सरबत करून राहिल्या!" मागून कुणीतरी ओरडलं. दोघंतिघं हसले.

वैजनाथ हसला नाही. "लाल झालेली हळद लिंबानं पिवळी होती, हे आमी कशावरून मानायचं, वैनी? आधी पक्क्या हळदीच्या डागावर करून दाखवा."

शंका बरोबर होती. तिने स्वतः हेच विचारलं असतं.

"अन् एक," वैजनाथने जमिनीवरचं फावडं उचललं. "ज्याचा डाग लाल राहील, त्याला मी हितंच तोडणार. मग तुमी बी मधी यायचं न्हाई."

रूपाबाईने तिचा पदर घट्ट धरला. प्रियदर्शनीने रतनसिंगकडे पाहिलं. त्याने रक्ताळलेल्या तोंडाने मान हलवून होकार दिला.

"नाही येणार," ती म्हणाली.

विजयकुमार दूर हापशावर हात धूत होता. तिने डिकी उघडून लिंबं काढली. पक्क्या हळदीचा डाग कुठे मिळेल हे तिला आठवलं, आणि तिने बॅगेची चेन ओढली. ती इरोडला असताना विजयकुमारने तिच्या नमुन्यांची पोती गाडीत भरली होती. त्यात त्याचा पांढरा शर्ट खराब झाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने स्वतः कपडा धुतला होता. लाल डाग बघून काल ती खूप हसली होती. लोणारच्या उतारावर डागाळलेलाच बरा म्हणून तो शर्ट तिनेच बॅगेत भरला होता.

तिने दोन्ही शर्ट दगडावर शेजारी शेजारी पसरले. विजयकुमारच्या शर्टावर सहा डाग होते. तिने प्रत्येक डागावर चार थेंब पिळले आणि घड्याळ लावलं. वैजनाथ फावडं घेऊन तिच्या खांद्यापाशी वाकला. गर्दी जवळ सरकली. हात झटकत विजयकुमारही आला.

पाच मिनिटं झाली. सवयीप्रमाणे तिने मोठ्याने वाचलं.

"रतनसिंगचा शर्ट. अकरापैकी अकरा पिवळे. यांचा शर्ट. सहापैकी एकही नाही."