चाकाखालचा दगड

हिरामण शेटच्या गाड्या मी बावीस वर्षं चालवल्या. नारपोलीच्या गोदामासमोरच्या उतारावर गाडी लावली की हँडब्रेक ओढायचो, वरून चाकाला दगडही लावायचो. शेट माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, “पंढरीचा दगड हाय, गाडीची चिंता न्हाय!” त्यांच्या मुलाला, हितेशला, गाडी मीच शिकवली. नवी ऑटोमॅटिक आल्यावर तोच मला हसला, “काका, हिला हँडब्रेक कशाला?” आज त्याच उतारावर फोनवर बोलत, गाडी न्यूट्रलवर सोडून तो उतरला. ती मागे घसरली आणि चहा पीत बसलेल्या कामगाराचा पाय चेंगरला. मी धावत पोचलो, तर हितेशने चावी माझ्या हातात कोंबली. पोरगा घाबरलाय म्हणून मी त्याला जवळ घेतलं. शेट आले. “गाडी काकांनी लावलेली,” हितेश म्हणाला. भिंतीपाशी माझा दगड तसाच होता. शेटनी तो पाहिला. मग पोलिसांना फोन लावून म्हणाले, “ड्रायव्हरच्या हातून झालं.”